पांढरी साडी, निळा काठ

"कापड पाठीकडून पाहाव वं पोरी, समोरून ते पाव्हण्यासारखं वागते."

पंचफुला गजभिये एकदा आपल्या भाचीला असं म्हणाली. इतवारीतल्या दुकानात गादीवर बसून तिनं समोर पसरलेला काठ उलटा केला आणि मागचे सुटलेले धागे बोटाखालून जाऊ दिले. दुकानदाराला ते आवडलं नाही. कुणालाच आवडत नाही. पण पंचफुलेनं आयुष्यभर तेच केलं, आणि जे दिसलं ते लिहिलं.

ती नागपुरातल्या एका मराठी दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत कपड्यांवर लिहायची. पासष्ट साली तिनं सुरुवात केली तेव्हा शहरात असं लिहिणारं कुणी नव्हतं. बाईनं लिहायचं ते लोणच्यावर, तान्ह्या बाळाच्या पोटदुखीवर, फार तर एखादी कविता. कपडे हा लिहिण्याचा विषय आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ती त्याच दैनिकात मुद्रितं तपासायची. बातम्यांमधल्या चुका काढता काढता एके दिवशी तिनं संपादक वामनरावांच्या टेबलावर दोन कागद ठेवले. सीताबर्डीच्या रस्त्यावर नायलॉनच्या साड्या आल्यापासून बायकांची चाल कशी बदलली, असं त्यात होतं. सुती साडीत बाई पाऊल टाकते, नायलॉनमध्ये पाऊल आवरते, असं एक वाक्य होतं.

वामनरावांनी कागद दोनदा वाचले.

"हे तुम्ही कुठं पाहिलं?"

"मागून चालताना."

"कुणाच्या मागून?"

"सगळ्यांच्याच."

वामनराव हसले. माणूस वाईट नव्हता. लेख छापतो म्हणाले, सदर सुरू करू म्हणाले, सदराला 'लेणं-नेसणं' असं नावही दिलं. मग चष्मा काढून पुसत बसले.

"नावाचं काय करू या? पंचफुला नाव चांगलंच आहे. पण या सदराखाली जरा... रामदासपेठेतल्या बायकांना आपली वाटली पाहिजे लिहिणारी. समजतंय ना? सध्यापुरतं 'चारुलता' घालू. पुढं बघू."

तिला समजत होतं. ती हो म्हणाली. सदर हवं होतं आणि नाव नंतरही येईल असं तिला वाटलं. तेविसाव्या वर्षी नंतर हा शब्द फार मोठा असतो, त्यात काहीही मावतं.

तर चारुलता लिहू लागली. मेयो दवाखान्यातल्या नर्सा बाहीला आतून पिन का लावतात. मे महिन्याच्या उन्हात टेरिलीन घालणारा माणूस संध्याकाळपर्यंत कसा उकडून निघतो. कॉलेजातल्या मुलींनी बाह्या कापल्या तेव्हा शहरातल्या पुरुषांना अचानक संस्कृती का आठवली. एकदा तिनं पाठीवर हुक असलेल्या ब्लाउजवर लिहिलं. असा ब्लाउज एकट्या बाईसाठी शिवलेला नसतो, कुणीतरी मागं उभं आहे हे शिंप्यानं गृहीत धरलेलं असतं, असं लिहिलं. त्या लेखाला फार पत्रं आली. बायकांनी हसून लिहिलं की आमचे हे हुक लावताना कसे चिडतात. चारुलतेला हे कसं कळलं, ते कुणी विचारलं नाही. पंचफुलेच्या सगळ्या ब्लाउजांचे हुक पुढून होते.

ती शहराबाहेर वाडीला राहायची. शहरात खोल्या होत्या, पण खोलीआधी आडनाव विचारलं जायचं, आणि आडनाव ऐकल्यावर खोली कालच गेलेली असायची. वाडीला अमरावती रोडवर एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामामागं खोल्या होत्या. त्यानं फक्त स्वयंपाक स्टोव्हवर की चुलीवर, एवढं विचारलं. तिथं रात्रंदिवस ट्रक. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं कापड संध्याकाळपर्यंत राखाडी होई. ती ते परत धुवायची, परत वाळत घालायची. कपड्यांवर लिहिणाऱ्या बाईकडे साड्या मोजक्याच होत्या, सगळ्या सुती, फिक्या रंगाच्या, आणि त्यांच्या निऱ्या इतक्या सरळ की ऑफिसातले लोक त्याची थट्टा करत.

भाऊ रूपराव शहरातच इंदोऱ्याच्या वस्तीत राहायचा, आई तुळसाबाई त्याच्याकडे. रविवारी सदर छापून आलं की पंचफुला तिकडं जायची. आईला वाचता येत नव्हतं. ती वर्तमानपत्र हातात घेऊन त्यातली चित्रं पाहायची.

"लोक विचारते मले, तुमची पोरगी काय करते. काय सांगू? कपडे लिवते?"

"धुते म्हणून सांग."

"तसं सांगतलं असतं तं आतापावेतो लगन झालं असतं तुहं," तुळसाबाई म्हणायची. सुरुवातीला हसून म्हणायची. पुढं नुसतं म्हणायची. मग म्हणेनाशी झाली.

सदरातली चित्रं गिरिधर काढायचा. गिरिधर दैनिकाचा चित्रकार. जाहिरातींची अक्षरं काढायची, फोटोंचे डाग पुसायचे, पुढाऱ्यांच्या टकलावरची चमक कमी करायची, काळ्यापांढऱ्या फोटोत ब्रशनं रंग भरायचे, ही त्याची कामं. कॅमेराही त्याच्याच ताब्यात. दुपारी त्याच्या टेबलाशी पंचफुलेचा चहा व्हायचा. ती सांगायची, तो पेन्सिलीनं काढायचा.

"पदर इथं नाही भाऊ, असा खाली सुटलेला. ती घाईत आहे."

"घाई कुठून काढू बाई? घाईले रंग नसते."

"टाच काढा. टाच उचललेली."

तो टाच काढायचा आणि बाई घाईत दिसायची. इतक्या वर्षांत दोघं चहाच्या टेबलापलीकडं कधी गेली नाहीत. त्याला बायको होती, दोन मुलं होती. पण पंचफुला कशाकडे पाहते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि हे त्यालाच माहीत आहे हे ती जाणून होती. तिच्याकडं माणसांची जमा एवढीच.

एकदा रामदासपेठेत हातमागाच्या साड्यांचं प्रदर्शन होतं. पंचफुला लिहिण्यासाठी गेली. कोपऱ्यातल्या टेबलाशी एका साडीची मागची बाजू पाहत उभी होती, तेवढ्यात एक बाई आल्या. डॉक्टरांच्या घरच्या, इंदूबाई म्हणून. त्यांना वाटलं ही विकणारीच.

"ती दाखवा हो जरा. नाही, ती नाही, मोतिया रंगाची. चारुलतानं लिहिलंय ना परवा, मोतिया उन्हात पिवळा होत नाही म्हणून."

पंचफुलेनं साडी उलगडून दाखवली.

"चारुलता कोण हो?" तिनं विचारलं.

"अहो, आमच्या मागच्याच गल्लीत राहते. मी ओळखते ना. नवरा बँकेत आहे. फार साधी आहे स्वभावानं, कुणाला सांगत नाही." इंदूबाईंनी साडी अंगाशी लावली. "कशी वाटते?"

"पाठीवर सुरकुती पडते आहे. जरा वळा."

दुसऱ्या दिवशी तिनं गिरिधरला सांगितलं, "मला नवरा मिळाला. बँकेत आहे."

"लॉकर पाह्यजो म्हणावं," गिरिधर म्हणाला, आणि दोघं हसली. ही गोष्ट तिनं पुढं बरेचदा सांगितली. दरवेळी ती थोडी कमी हसायची. चारुलता मागच्या गल्लीत राहत होती, तिला नवरा होता, शेजारणी होत्या. पंचफुला तिच्यासाठी लिहीत होती, आणि संध्याकाळची बस पकडून वाडीला जात होती.

नावाची आठवण ती दर दिवाळीला वामनरावांना करून द्यायची.

"आता कसं बदलायचं?" वामनराव म्हणायचे. "लोक म्हणतील चारुलता वारली."

"वारू द्या."

"मालकांशी बोलतो."

मालकांशी ते बोलले की नाही, कळायला मार्ग नव्हता. मॅक्सी आली, गेली. बेलबॉटम आली. तिच्या कानांवरचे केस पांढरे झाले. मुंबईची रंगीत मासिकं आता नागपुरात स्टॉलवर लटकत होती, त्यांत कपडे घालून दाखवणाऱ्या मुली होत्या आणि त्यांच्याखाली लिहिणारणींची नावं होती, ठळक. पंचफुला ती मासिकं उभ्याउभ्या चाळायची आणि परत जागेवर ठेवायची.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात रूपरावच्या मुलीचं, जयाचं लग्न ठरलं. जया शिक्षिका झाली होती. मुलाकडचे भंडाऱ्याचे, बौद्धच, चांगले लोक. जया वाडीला आली, खाटेवर बसली आणि नखं कुरतडत म्हणाली, "आत्या, मी लाल नेसू का?"

"काहून?"

"शाळेतल्या बाया म्हणतात, पांढरं तर विधवा नेसते. लग्नात पांढरं पाहून कसंतरी होते म्हणे."

"तुले कसं होते?"

जयानं पुन्हा नख दाताखाली धरलं. पंचफुलेनं स्टोव्ह बंद केला. मग तिनं भाचीला जे सांगितलं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, लिहिलंही नव्हतं.

छप्पन सालच्या दसऱ्याला दीक्षा घ्यायला जायचं होतं. सगळ्यांनी पांढरं नेसून यायचं. इतवारीत पांढरं कापड मिळेनासं झालं होतं. रूपरावच्या आणि तिच्या बापानं, तो गिरणीत मागावर होता, कुठून तरी मांजरपाट आणला. तुळसाबाईनं त्याला काठही घातला नाही, वेळच नव्हता, तसंच नेसली. तोवर पंचफुलेनं आईच्या अंगावर जे लुगडं पाहिलं होतं ते कुणाच्या तरी अंगावरून उतरलेलंच होतं. दुसऱ्या बाईच्या कमरेची घडी त्यावर आधीच पडलेली असायची. त्या दिवशी गर्दीत ती आईचा पदर धरून मागं चालली होती. चौदा वर्षांची होती, समोर आईच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं. ते कापड कोरं होतं. त्यावर कुणाचीच घडी नव्हती.

"बस एवढंच," पंचफुला म्हणाली. "आता तुले लाल नेसायचं तं नेस. मी चांगलं लाल पाहून देईन."

जयानं पांढरी नेसायचं ठरवलं. दोघी इतवारीत गेल्या. लग्नासाठी पांढरी हवी म्हटल्यावर पहिल्या दुकानदारानं हात जोडले, "बाई, बोहनीची वेळ आहे, असं अशुभ नका बोलू." दुसऱ्यानं दाखवली, तिचा काठ उलटा पाहून पंचफुला उठली. शेवटी तिनं एका विणकराकडून बनवून घेतली. पांढरी स्वच्छ सुती साडी, रेशमी निळा काठ, बोटभर रुंद.

लग्नाला ऑफिसातून फक्त गिरिधर आला, कॅमेरा घेऊन. बुद्धमूर्तीसमोर फुलं वाहून जया उठली, आत्या कुठं आहे म्हणून तिनं मान वळवली, आणि त्यानं बटण दाबलं. काळ्यापांढऱ्या फोटोत जया पाठमोरी आहे. चेहरा अर्धा. खांद्यावरून पांढरा पदर सरळ खाली आलेला, आणि त्याच्या कडेनं काठाची रेघ.

पंचफुलेनं तो फोटो बराच वेळ पाहिला. पुढच्या वर्षीच्या दिवाळी अंकासाठी तिनं लेख लिहिला, आणि फोटोसकट वामनरावांच्या टेबलावर ठेवला. आईच्या मांजरपाटापासून जयाच्या निळ्या काठापर्यंत सगळं त्यात होतं. खाली तिनं चारुलता लिहिलं नव्हतं.

वामनरावांनी तिच्यासमोरच वाचलं. आता ते निवृत्तीला आले होते, हात थोडे थरथरायचे.

"हे चारुलताच्या नावानं गेलं तर..."

"हे चारुलताचं नाही. चारुलताच्या आईनं मांजरपाट नेसला नव्हता."

त्यांनी शेवटचं पान पुन्हा वाचलं.

"बरोबर आहे," शेवटी ते म्हणाले. "तुमचं नाव घालू. उशीर झाला, पण घालू."

"आणि फोटो हाच."

"फोटोचं गिरिधर बघेल. रंगीत पानात घेऊ."

त्या रविवारी तिनं आईला सांगितलं. तुळसाबाई आता खाटेवरच असायची. डोळे अधू झाले होते, पण चित्र डोळ्यांशी धरलं की दिसायचं.

"तुहं नाव येणार?"

"हो."

"नाव मले वाचता येत नाही बाई. फोटू दाखवजो. जयीची साडी दिसते ना त्याच्यात?"

"सगळी दिसते."

"मंग आणजो. मी पाहून राहीन वाट."

लेखाची मुद्रितं पंचफुलेनं स्वतः तपासली, एक अनुस्वार निसटला होता तो घातला. रंगीत पानं दुसऱ्या छापखान्यात छापायला जात, ती तिच्यापर्यंत आली नाहीत. तिनं गिरिधरला एकदा विचारलं, फोटो कसा आला? तो ब्रश धूत होता. "चांगला आला बाई," वर न पाहता म्हणाला. "मन लावून केला."

धनत्रयोदशीच्या दुपारी अंक आला. ऑफिसात यंत्रांना हार घातले होते, कागदावर पेढे आणि चिवडा मांडला होता. वामनरावांनी पहिली प्रत मालकांच्या वडिलांच्या तसबिरीपुढं ठेवली आणि दुसरी पंचफुलेच्या हातात दिली. "रंगीत पानं उघडा," म्हणाले. दोन-चार जण भोवती जमले. कुणीतरी म्हणालं, आज बाईंकडून पार्टी.

तिनं पान उघडलं. वर नाव होतं. पंचफुला गजभिये. मोठ्या अक्षरांत, गिरिधरनं हातानं काढलेल्या वळणदार अक्षरांत. भोवतालच्या लोकांनी ते मोठ्यानं वाचलं.

नावाखाली जया होती. पाठमोरी, मान वळवलेली. तिच्या अंगावर लाल शालू होता.

काम उत्तम होतं. पदराच्या घडीत रंग गडद झाला होता, खांद्यावर उजेड पडतो तिथं नारिंगीकडं झुकला होता. एक सुरकुती चुकली नव्हती. निळ्या काठाच्या जागी जरीचा काठ होता, आणि त्याच्यात बारीक कोयऱ्या काढल्या होत्या, सोनेरी, एकेक. केसांत गजराही होता. फोटोत गजरा नव्हता.

"काय सुंदर दिसते हो पोरगी," कुणीतरी म्हणालं. "तुमची भाची ना?"

गिरिधर माणसांतून वाट काढत पुढं आला. त्याच्या बोटांना नेहमीसारखा रंग होता.

"बाई, मालकांनी पानच काढायले सांगितलं होतं," तो हळू म्हणाला. "म्हणे, दिवाळीत पांढऱ्या साडीतली नवरी? लोक अंक घरात घेणार नाहीत. लेखही जात होता आन् नावही. मी म्हटलं, रंग भरून देतो. तं ऐकले." तो थांबला. "तुमाले सांगितलं असतं तं तुम्ही नाही म्हटलं असतं. मंग नाव गेलं असतं. सोळा वर्षं झाली ना बाई. मी म्हटलं, नाव तरी येऊ दे."

वामनराव पेढ्यांच्या कागदाकडं पाहत होते.

"मोठ्या मेहनतीनं केला," गिरिधर म्हणाला. "लाल कोणता घ्यावा, तुम्ही असत्या तं कोणता म्हटला असता, तेच पाहत बसलो."

पंचफुलेनं पान उलटं केलं. मागं केसांच्या तेलाची जाहिरात होती. कागद पातळ होता. जाहिरातीतल्या बाईच्या कपाळावरून मागचा लाल फिकट उतरला होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं, धागा पाहतात तसं.

मग तिनं अंक मिटला आणि गिरिधरच्या टेबलावर, ब्रशांच्या डब्याशेजारी ठेवला. खुर्चीच्या पाठीवरची पिशवी घेतली, खांद्यावरचा पदर नीट केला.

"बाई, अंक राहिला," मागून कुणीतरी म्हणालं. "आईला दाखवायचा होता ना?"

गिरिधर दारापर्यंत गेला. ती जिना उतरत होती, एका हातानं निऱ्या किंचित उचलून, नेहमीसारखी, सावकाश. पाठीवर साडी सरळ पडलेली होती. वळणावर ती थांबली नाही.